थांबल्याची खात्री

चाकणला मी ज्या कंपनीत नोकरी करते तिथे गाड्यांच्या सीट तयार होतात. पलीकडे दहा मिनिटांवर गाड्यांची एक मोठी कंपनी आहे. तिच्या लाईनवर ज्या क्रमाने गाड्या पुढे सरकतात, त्याच क्रमाने आमच्या सीट ट्रकमध्ये चढाव्या लागतात. आधी पांढरी गाडी, तिला काळ्या सीट. तिच्या मागे लाल, तिला बेज. मग पुन्हा काळ्या, पण वेगळ्या शिवणीच्या. तिथला माणूस ट्रकमधून सीट ओढतो आणि समोर येईल त्या गाडीत बसवतो, निवडत बसायला त्याला वेळ नसतो. त्यामुळे एक नंबर इकडचा तिकडे झाला की मागची सगळी रांग चुकत जाते.

हा क्रम सांभाळणारा प्रोग्रॅम आमच्या सर्व्हर रूममध्ये चालतो. सगळे त्याला सीक्वेन्स सर्व्हिस म्हणतात. पलीकडून ऑर्डर आली की ही सर्व्हिस तिला नंबर देते, डिस्कवर नोंद करते आणि लाईनच्या तोंडाशी ठेवलेल्या प्रिंटरवर लेबल छापते. लेबल हातात आल्याशिवाय लाईनवर कुणी सीटचं कव्हर उचलत नाही. सर्व्हिस बंद पडून लाईन उभी राहू नये म्हणून तिच्यासाठी दोन सर्व्हर ठेवलेत, आणि दोघांना मिळून एकच डिस्क. पहिल्यावर सर्व्हिस पडली तर दुसऱ्याने ती आपणहून उचलायची. या जोडणीला क्लस्टर म्हणतात.

मी त्या विभागात आले तेव्हा हे सगळं कागदावर होतं. दुसरा सर्व्हर चालू असायचा, त्याचे पंखे फिरायचे, पण त्याने कधी काही उचललेलं कुणाला आठवत नव्हतं.

मुळात मी कंपनीत आले ती स्टोअरमध्ये डेटा एंट्री करायला. आकुर्डीच्या कॉलेजातून डिप्लोमा झाला होता आणि त्या वर्षी जी मिळाली ती नोकरी धरली. स्टोअरचा कॉम्प्युटर अडला की आयटीचा माणूस येईपर्यंत मी काहीतरी करून तो चालू केलेला असायचा. आयटीचे जे प्रमुख होते, रत्नागिरीकडचे, निवृत्तीला आलेले, त्यांच्या हे दोन-तीनदा लक्षात आलं. एक दिवस ते स्टोअरच्या खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "तू हे बघून बघून शिकलीस की कुणी शिकवलं?"

"बघून, सर."

"मग आमच्याकडे ये. आमच्याकडे बघण्यासारखं पुष्कळ आहे."

असं मी सर्व्हर रूममध्ये आले. तिथे टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावलेली होती. तिच्यावर तीन ओळी होत्या, तीन कमांड. सीक्वेन्स सर्व्हिस बंद पडली आणि स्क्रीनवर तिच्या नावापुढे 'फेल्ड' असा लाल शब्द आला की या तीन ओळी टाईप करायच्या. पहिलीने तो लाल शिक्का पुसला जायचा, दुसरीने सर्व्हिस चालू व्हायची, तिसरीने ती चालू झाली का ते दिसायचं. विभागातल्या प्रत्येकाला ती चिठ्ठी पाठ होती. आठवड्यातून एकदा तरी लाईनवरून फोन यायचा. फोन करणारी बहुतेक वेळा एकच असायची, पहिल्या शिफ्टची लाईन सुपरवायझर. चाकणजवळच्याच गावातली, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, मोठ्या आवाजाची बाई.

"ताई, लेबल येत न्हाई. तुमचं यंत्र रुसलं बगा परत."

"बघते, दोन मिनिटं थांबा."

"आमी थांबतो. ट्रक थांबतोय का, ते त्याला इचारा."

तीन ओळी टाईप केल्या की लेबल सुरू व्हायचं. तक्रार मिटायची. महिनोन् महिने हेच चाललं होतं आणि यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मला वाटायचं, पण विचारायचं कुणाला ते कळत नव्हतं. दुसरा सर्व्हर शेजारी मोकळा बसलेला असताना तो सर्व्हिस उचलत का नाही? ज्यांनी हे बसवून दिलं होतं त्या कंपनीला मी फोन केला. पलीकडचा म्हणाला, "मॅडम, रिस्टार्ट करा." मी म्हटलं, ते तर दर आठवड्याला करतो. तो म्हणाला, मग बरोबर करताय.

मग मी क्लस्टरचं मॅन्युअल छापून घेतलं आणि बसमध्ये वाचायला लागले. आकुर्डीहून कंपनीची बस सकाळी निघते, मोशीच्या पुढे गाड्यांची रांग लागते आणि चाकणच्या चौकात तर हमखास. वाचायला भरपूर वेळ मिळतो. इंग्रजी जड होतं. एकेका पानाला दोन-दोन दिवस लागायचे. आजूबाजूचे लोक कानात वायर घालून झोपलेले असायचे आणि मी पेन्सिलीने खुणा करत बसायचे.

हळूहळू चित्र उलगडलं. क्लस्टर दर थोड्या वेळाने सर्व्हिसला विचारतो, तू आहेस ना? उत्तर आलं नाही तर तो लगेच ती दुसरीकडे चालू करत नाही. आधी तो पहिल्या जागी तिला थांबवायला सांगतो. त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिलेला असतो, स्टॉप स्क्रिप्ट. या स्क्रिप्टने शेवटी एकच उत्तर द्यायचं असतं, थांबली किंवा थांबली नाही. 'थांबली' म्हटलं तरच क्लस्टर पुढे जातो. 'थांबली नाही' म्हटलं तर तो फेल्डचा शिक्का मारतो, कशालाही हात लावत नाही आणि माणसाची वाट बघत बसतो. कारण डिस्क एकच आहे. पहिली अजून जिवंत असताना दुसरी चालू झाली, तर दोघी एकाच वहीत एकाच वेळी लिहायला लागतील.

आणि आमची स्टॉप स्क्रिप्ट काय करत होती? सर्व्हिस आपणहून मेली की स्क्रिप्ट तिला थांबवायला जायची, तिथे कुणीच सापडायचं नाही, म्हणून ती परत येऊन सांगायची, मला जमलं नाही. थांबवण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं, तरी तिचं उत्तर 'थांबली नाही' असंच. क्लस्टर बिचारा ते खरं मानून बसून राहायचा. दुसऱ्या सर्व्हरला इतकी वर्षं कुणी उठवलंच नव्हतं ते यामुळे.

हे कळलं तेव्हा बस मोशीच्या पुलाजवळ अडकलेली होती. माझ्या शेजारी पेंटशॉपमधले एक काका बसले होते. त्यांना मी म्हटलं, "काका, सापडलं." ते म्हणाले, "काय हरवलं होतं?" आणि पुन्हा डोळे मिटले.

आता यापुढचं जे आहे ते सांगायला मला आवडत नाही, पण ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. मी जाऊन त्या स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ घातली. काहीही झालं तरी उत्तर 'थांबली' असंच द्यायचं, एवढाच त्या ओळीचा अर्थ. पाच मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्यात सर्व्हिस पडली आणि लाईनवर कुणाला पत्ताही लागला नाही. दुसऱ्या सर्व्हरने ती गपकन उचलली होती. तीन आठवडे फोन आला नाही. सुपरवायझरबाई कॅन्टीनमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "यंत्राला दवा दिला म्हणं तुमी?" प्रॉडक्शन हेडनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. मी घरी पेढे नेले.

आयटीचे आमचे सरही त्या मीटिंगमध्ये होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावून ती स्क्रिप्ट उघडायला सांगितली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि ती खरंच थांबली नसेल, तेव्हा ही काय सांगेल?"

मी म्हटलं, "आजवर असं कधी झालं नाही, सर."

"मी ते नाही विचारलं."

त्यांनी स्टोअरमधून दोन जुने कॉम्प्युटर मागवले. त्या दोघांना मिळून एक डिस्क जोडली, सर्व्हिसची नक्कल बसवली आणि मला म्हणाले, आता हिला अशी अडकव की ती मरणारही नाही आणि उत्तरही देणार नाही. मी तसं केलं. क्लस्टरने विचारलं, उत्तर नाही. त्याने माझ्या स्क्रिप्टला थांबवायला सांगितलं. माझी स्क्रिप्ट म्हणाली, थांबली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर सर्व्हिस चालू झाली. थोड्या वेळाने पहिली अडकलेली सुटली आणि आपलं काम पुढे करायला लागली.

सरांनी प्रिंटरमधून लेबलं काढून टेबलावर ठेवली. दोन लेबलांवर एकच नंबर होता. एकावर काळी सीट, एकावर बेज. डिस्कवरची नोंद उघडली तर निम्म्या ओळी एकमेकींवर चढलेल्या, वाचताच येत नव्हत्या.

"आधीची स्क्रिप्ट उगाच घाबरायची," सर म्हणाले. "तू तिला खोटं बोलायला शिकवलंस. आधीच्या स्क्रिप्टमुळे लाईन पाच मिनिटं उभी राहायची. हिच्यामुळे काय होईल ते तू बघितलंस."

तीन आठवडे ही ओळ खऱ्या सर्व्हरवर होती आणि नुसत्या नशिबाने काही झालं नव्हतं. मी त्याच वेळी ती काढून टाकली आणि सगळ्यांना मेल लिहिला की मी केलेला बदल चुकीचा होता, तो मागे घेतला आहे, चिठ्ठी पुन्हा वापरावी. प्रॉडक्शन हेडचा फोन आला, "मॅडम, चांगलं चाललं होतं, बिघडवलं कशाला?" मला समजावून सांगता आलं नाही. नुसतं म्हटलं, थोडे दिवस द्या.

थोडे म्हणजे महिना गेला. स्क्रिप्ट लिहायला चार दिवस पुरले, बाकी सगळा वेळ ती तपासण्यात. नवीन स्क्रिप्ट आधी बघते की सर्व्हिस आहे का. नसेल तर तिला काही करायचं नाही, 'थांबली' म्हणून ती मोकळी. असेल तर नीट थांबायला सांगते आणि वाट बघते. मग पुन्हा बघते. तरी असेल तर जबरदस्तीने मारते, पुन्हा वाट बघते, पुन्हा बघते. एवढं करून ती उरलीच असेल तर मात्र सांगते की थांबली नाही. बोलायच्या आधी प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिच्यात नवीन.

सर रोज दुपारी चहा झाल्यावर माझ्या टेबलाशी यायचे आणि ती मोडायचा प्रयत्न करायचे. एकदा त्यांनी सर्व्हिस अर्धी चालू होताना मारली. एकदा डिस्क गच्च भरून टाकली. एक दिवस त्यांनी असं पकडलं की मी थक्क झाले. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला सर्व्हर एक नंबर देतो, आणि आमची सर्व्हिस तो नंबर एका फाईलमध्ये लिहून ठेवते, म्हणजे पुढे तिला शोधता यावं. सर्व्हिस मेली तरी फाईल राहते. मधल्या काळात तोच नंबर दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमला मिळू शकतो. सरांनी नेमकं तसं घडवून आणलं. माझी स्क्रिप्ट गेली, तो नंबर बघितला आणि बॅकअपचं काम करणाऱ्या भलत्याच प्रोग्रॅमला मारून आली. वर म्हणाली, थांबली.

"नंबर बघितला, तोंड नाही बघितलं हिने," सर म्हणाले.

मग नंबराबरोबर प्रोग्रॅमचं नावही तपासायची ओळ आली. मी एका रजिस्टरमध्ये प्रत्येक चाचणी लिहीत गेले. काय मोडलं, स्क्रिप्ट काय म्हणाली, खरं काय होतं. शेवटची दोन्ही उत्तरं जुळली की बरोबरची खूण. रजिस्टरची सतरा पानं झाली. सतराव्या पानावर सरांनी सही केली आणि टेबलाच्या कडेची चिठ्ठी नखाने सोलून काढली.

"यापुढे हा लाल शब्द उगाच येणार नाही," ते सगळ्या विभागाला म्हणाले. "येईल तेव्हा काहीतरी खरोखर अडकलेलं असेल. आधी बघायचं, मग हात लावायचा."

त्यानंतर चार महिन्यांनी ते निवृत्त झाले आणि विभाग माझ्याकडे आला.

नव्या स्क्रिप्टने दीड वर्ष काढलं. सर्व्हिस अधूनमधून पडायची, दुसरा सर्व्हर उचलायचा, मी दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद बघायचे. लाल शब्द त्या दीड वर्षात एकदाही दिसला नाही. लोक तो विसरले म्हणायला हरकत नाही, आणि जे विसरले नव्हते त्यांना तो जुन्या रूपातच आठवत होता.

तो आला तो एका मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, पहिली शिफ्ट पूर्ण जोरात असताना. सुपरवायझरबाईंचा फोन आणि माझ्या स्क्रीनवरचा लाल शब्द एकाच वेळी आले.

"ताई, लेबल बंद. आन् ट्रक निम्मा भरलाय."

"बाई, या वेळी जरा वेळ लागेल. एकही कव्हर अंदाजाने उचलू नका."

"न्हाई उचलत. पर साहेब निघालेत तुमच्याकडं. सांगून ठिवते."

मी सर्व्हर रूममध्ये गेले आणि पहिल्या सर्व्हरच्या स्क्रीनवर बघितलं. स्टॉप स्क्रिप्टने तिचं सगळं काम केलेलं होतं. थांबायला सांगितलं होतं, वाट बघितली होती, मारलं होतं, पुन्हा बघितलं होतं. आणि सीक्वेन्स सर्व्हिस अजून यादीत होती. डिस्कला काहीतरी लिहायला दिलेलं आणि डिस्ककडून उत्तर येत नाही म्हणून ताटकळलेली. अशा अवस्थेत प्रोग्रॅम मारण्याचा हुकूमही ऐकत नाही. हातातलं लिखाण पुरं झालं की मगच ऐकतो. मला हे पुस्तकातून माहीत होतं. समोर पहिल्यांदाच दिसत होतं.

माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार सांगते. स्क्रिप्ट खरं बोलली. दीड वर्षाने का होईना, तिला खरंच 'थांबली नाही' म्हणायची वेळ आली आणि ती तेच म्हणाली. लाईन उभी आहे, ट्रक उभा आहे, आणि मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. लगेच लाजही वाटली त्याची.

प्रॉडक्शन हेड आत आले. सेफ्टी शूजसकट, धापा टाकत.

"मॅडम, काय झालं? फेल्डच ना? ते नेहमीचंच. तीन कमांड होत्या ना तुमच्या, मारा आणि दुसऱ्यावर घ्या."

"सर, हे नेहमीचं नाही. पहिली अजून जिवंत आहे."

"जिवंत आहे तर लेबल का देत नाही?"

"अडकली आहे. सुटली की लिहायला लागेल. तोवर मी दुसरी चालू केलेली असली तर दोघी एकाच जागी लिहितील."

"सुटेल तेव्हा बघू. आत्ता लाईन उभी आहे. मिनिटाचा हिशोब मला वर द्यावा लागतो, तुम्हाला नाही."

"मला पहिला सर्व्हर पूर्ण बंद करायचा आहे. वीज तोडून. मग दुसऱ्यावर घेते. गेटवरची पास काढायची सिस्टीम त्याच सर्व्हरवर आहे, तीही बंद होईल. तुम्ही गेटवर एक फोन करा, पास हाताने लिहायला सांगा."

"म्हणजे लाईन उभी आहे ती आहेच, वर गेटही बंद करायचं?" त्यांचा आवाज चढला होता. "क्लिअर करा ना तो शब्द. मी सांगतोय, माझी जबाबदारी."

माझे हात कीबोर्डवर होते. त्या तीन ओळी मला अजून पाठ होत्या. बोटांनाच पाठ होत्या म्हणा. आणि हुद्द्याने ते माझ्यापेक्षा कितीतरी वर. मी हात मांडीवर घेतले आणि म्हटलं, "सर, जबाबदारी तुमची असली तरी सीट चुकलेल्याच जातील. मी शिक्का पुसणार नाही. आधी गेटवर फोन करा."

मग खिशातून फोन काढून त्यांनी नंबर लावायला घेतला, आणि तेवढ्यात स्क्रीन हलली.

पहिल्या सर्व्हरला डिस्क परत दिसायला लागली होती. अडकलेलं लिखाण एका क्षणात पुरं झालं. दोन ऑर्डरींच्या नोंदी, एकामागे एक, आमच्या डोळ्यांसमोर उमटल्या. आणि लगेच सर्व्हिस यादीतून नाहीशी झाली. मरायचा हुकूम तिला सतरा मिनिटांपूर्वी दिलेला होता, तो तिने आत्ता ऐकला होता.

प्रॉडक्शन हेडना कॉम्प्युटरचं फार कळतं अशातला भाग नाही, पण वेळ आणि नंबर त्यांना कुणाहूनही जास्त कळतात. त्यांनी वाकून त्या दोन ओळी वाचल्या.

"हे आत्ता लिहिलं गेलं?"

"हो."

"आणि मी सांगितलं तसं तुम्ही केलं असतं, तर हेच दोन नंबर दुसऱ्याने आधीच दिलेले असते."

"हो, सर. दुसऱ्या सीटना."

फोनवर गेटचा माणूस हॅलो हॅलो करत होता. त्याला ते म्हणाले, "पास हाताने लिहा. मॅडम सांगेपर्यंत." मग मला विचारलं, "आता तर मेली ना? आता घ्यायचं का दुसऱ्यावर?"

"डिस्क एकदा दिसेनाशी झाली, पुन्हाही होईल. हा सर्व्हर बंद करूनच घेते."

मी पॉवरचं बटण दाबून धरलं. पंख्यांचा आवाज खाली खाली येत पूर्ण थांबला. मागे जाऊन विजेच्या दोन्ही केबल ओढून काढल्या. मग दुसऱ्या सर्व्हरवर बसून शिक्का पुसला आणि सर्व्हिस चालू केली. तिने शेवटच्या त्या दोन नोंदी वाचल्या आणि तिथून पुढचा नंबर दिला. लाईनवरून फोन आला.

"आलं लेबल. नंबर बी बराबर हाय, मागच्या कागदाशी ताडून बघितला मी."

मी सांगितलं नव्हतं, तरी त्या बाईने ताडून बघितलं होतं. मला त्यांचा फार आदर वाटला त्या वेळी.

एकंदर बावीस मिनिटं लाईन उभी राहिली. ट्रक उशिरा निघाला, पण त्यातली एकही सीट चुकलेली नव्हती. पलीकडच्या कंपनीतून उशिराबद्दल विचारणा झाली, एवढंच. सुटलेली वायर दुपारी सापडली. रॅकच्या मागे एसीच्या कामासाठी आलेल्या कुणाचा तरी धक्का लागून ती अर्धी निघालेली होती.

संध्याकाळी बसमधून आमच्या निवृत्त सरांना फोन केला. ते गावी होते, मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते मध्ये एकदाच बोलले, "स्क्रिप्ट शेवटी काय म्हणाली?"

"थांबली नाही, म्हणाली."

"आणि खरं काय होतं?"

"थांबली नव्हती."

"मग रजिस्टरमध्ये लिही," ते म्हणाले. "अठरावं पान."

आठवड्याने आढावा मीटिंग झाली. बावीस मिनिटं का लागली, असा प्रश्न वरून आला होता. मी उत्तराची तयारी करून गेले होते, पण बोलायची वेळच आली नाही. प्रॉडक्शन हेडनी स्वतः उभं राहून सांगितलं. मी काय म्हणत होते, ते काय म्हणत होते, आणि स्क्रीनवर काय दिसलं. स्वतःची चूक त्यांनी लपवली नाही. शेवटी म्हणाले, "ही बावीस मिनिटं माझ्या नावावर टाका, तिच्या नको." तेव्हापासून ते मला मॅडम म्हणत नाहीत, ताई म्हणतात. आमच्या कारखान्यात हे बढतीपेक्षा मोठं आहे.

आमच्या ग्रुपच्या दुसऱ्या प्लांटमध्ये असेच जोडीचे सर्व्हर होते आणि तिथेही तसल्याच चिठ्ठ्या लागलेल्या होत्या. मला बोलावून घेतलं. ट्रेनिंग रूममध्ये वीसेक इंजिनिअर बसलेले, बहुतेक माझ्यापेक्षा मोठ्या डिग्रीचे. स्टोअरमध्ये बिलांच्या आकड्यांवर मान मोडणारी मी त्यांच्यासमोर मार्कर घेऊन उभी होते. मग मी त्यांना माझ्या त्या खोट्या ओळीपासूनच सुरुवात करून सांगितलं. मागच्या रांगेतल्या एकाने हात वर केला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या स्क्रिप्टमध्ये आत्ता तीच ओळ आहे." जेवणाच्या सुट्टीआधी त्याने ती काढली.

हे सगळं घरी अण्णांना सांगितलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते बीडकडून इकडे आले ते चिंचवडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून, आणि तिथूनच निवृत्त झाले. सर्व्हर, स्क्रिप्ट यातलं त्यांना काही लागत नाही. पण लाईन उभी राहणं म्हणजे काय, ते त्यांच्याइतकं कुणाला कळायचं? आयुष्यभर त्या मिनिटांसाठी त्यांनी बोलणी खाल्ली होती.

"किती येळ हुबी होती?" त्यांनी विचारलं.

"बावीस मिनिटं."

"आन् सायेब बाजूलाच?"

"बाजूलाच. चालू कर म्हणत होते."

"आन् तू न्हाई म्हणालीस."

"हो."

आई भाकरी करत होती, तिने हात थांबवला. मग अण्णा म्हणाले, "मला कैक डाव दिसायचं, माय. ही मशीन आता चालू करू नये, हे दिसायचं. पर सायेब म्हणला की मी चालू करायचो. बावीस मिनिटं न्हाई म्हणायचं म्हणजे लई झालं."

त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. त्यांनी नुसतं मोजून सांगितलं, एखाद्या जॉबचं माप सांगावं तसं.

आता अण्णा रोज सकाळी बागेत जातात. तिथे त्यांचा पाच-सहा जणांचा कट्टा आहे, सगळे निवृत्त कामगार. परवा मी त्यांना घ्यायला गेले तर ते एका नवीन आलेल्या गृहस्थांना माझी ओळख करून देत होते.

"ही माझी थोरली. हिनं चाकणची कंपनी बावीस मिनिटं बंद ठिवली."

मी सांगायला गेले की तसं नाही काका, सर्व्हिस आपणहून अडकली होती, मी फक्त दुसरी चालू करायला नकार दिला. अण्णांनी मला हाताने थांबवलं.

"बंद ठिवली," ते म्हणाले, "आन् मगच चालू केली."

मी त्यांची पिशवी घेतली आणि आम्ही घरी निघालो.